रत्नागिरीत चंद्र रोज वेगळ्या वेळी का उगवतो? महिन्याचा हिशोब कसा ठेवायचा?

चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्यामुळे चंद्रोदय रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा होतो. कधी 40, कधी तासभरही. अमावास्या ते अमावास्या साधारण साडेएकोणतीस दिवस लागतात.

तिथी माहीत असली की अंदाज सोपा. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो आणि पहाटे समुद्रात मावळतो. भाट्याच्या किनाऱ्यावरून हे जरूर बघा, खरंच फार सुंदर दिसतं. शुद्ध अष्टमीला तो दुपारी उगवून मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीला मध्यरात्री उगवतो. एका रात्री बाराच्या जरा आधी उगवला की पुढचा चंद्रोदय दुसऱ्या रात्री बारानंतर, म्हणजे त्यापुढच्या तारखेत जातो. त्यामुळेच महिन्यातल्या एखाद्या तारखेला चंद्रोदयच नसतो. ती कॅलेंडरची चूक नव्हे.

संकष्टीला मात्र रत्नागिरीचीच वेळ बघा. नागपुरात चंद्र इथल्यापेक्षा वीसेक मिनिटं आधी उगवतो. शिवाय आपल्याकडे पूर्वेला डोंगर आणि माडा-पोफळीची दाटी, म्हणून पंचांगातल्या वेळेनंतरही चंद्र दिसायला थोडं थांबावं लागतं.

आणि समुद्रात उतरणार असाल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची (मोठी) भरती असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची (लहान). भरतीची वेळही चंद्रोदयासारखीच रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते.