आधी गोळी, मग काडतूस, रायफल सगळ्यात शेवटी

या वेळच्या पत्रांत घाटंजीची तूर आहे, टेक्सासचे रँच आहे आणि एका वाड्यातली वडिलोपार्जित पेटीही आहे. बहुतेकांना हवा आहे लांबचा मारा, आणि बहुतेकांनी सुरुवात रायफलीच्या नावापासून केली आहे. मी उलट्या टोकाने उत्तरे देणार आहे. जनावर कोणते आणि किती अंतरावर, हे आधी. त्यावरून गोळी ठरते, म्हणजे नळीतून बाहेर जाणारा तुकडा. ती गोळी पुरेशा वेगाने तिथवर पोचवणारे काडतूस त्यानंतर, आणि ते काडतूस झाडणारी रायफल सगळ्यात शेवटी.

प्रश्न : आमचं वावर टिपेश्वरच्या जंगलापासून जवळच आहे. रोही आन् डुकरं मिळून तुरीचं वाटोळं करतात. या धुऱ्यावरून त्या धुऱ्यापर्यंत चारशे मीटर भरते. तेवढ्यावरून जनावर पडेल अशी कोणती रायफल घ्यावी? — एक शेतकरी, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

भाऊ, रायफलीचे नाव सांगण्याआधी कागद बघू. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. उभ्या पिकाला धोका झालेल्या रोही (नीलगाय) आणि डुकरांसाठी कलम ११ मध्ये वाट ठेवली आहे, पण ती अधिकृत वनाधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच खुली होते. आदेश नसताना झाडलेली गोळी चुकली तरी गुन्हा होतो, कारण शिकारीचा प्रयत्नही कायद्याने शिकारच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

आता शस्त्राचे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचे. ती पुरत नाही असे पटवता आले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. रायफलीचा उल्लेख त्या तरतुदीत नाही. शिवाय तुम्ही अभयारण्याच्या शेजारचे. दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपले शस्त्र वनखात्याकडे नोंदवावे लागते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती आधी लागते. परवान्याच्या अर्जासोबत हे विचारले नाही, तर फाईल महिनोन्महिने कुठे अडली ते कळतच नाही.

समजा, सगळे कागद हातात आले. तरी चारशे मीटरवरून मारू नका असेच मी सांगेन, आणि याचे कारण रायफलीच्या ताकदीत नाही, तुमच्या जमिनीत आहे. आपला मुलूख सपाट. रोह्याच्या मागे टेकडी नसते. तिथे तुरीची आणखी एक पट्टी असते, तिच्यापलीकडे कापूस वेचणाऱ्या बाया, गुराखी, नाहीतर पांदीने जाणारी मोटरसायकल. .३०-०६ या मोठ्या रायफल-काडतुसाची गोळी काहीच आडवे आले नाही तर चार किलोमीटरच्या पुढे जाते. साधी .२२ ची सुद्धा दोन किलोमीटर जाऊ शकते. तूर डोक्याइतकी वाढली की पलीकडचा माणूस दिसतही नाही.

म्हणून माळा. दहा-बारा फूट उंचीवरून जवळच्या जनावरावर झाडलेली गोळी खाली जाते आणि चुकली तर मातीत घुसते. तिथून बारा बोअर पुरते. एल.जी., म्हणजे जाड छऱ्याचा विचार पस्तीस मीटरच्या आतच करा. त्यापुढे मोजके छरे इतके फाकतात की एखादाच लागतो, आणि जखमी डुक्कर तुरीत शिरून सकाळी शेजाऱ्याच्या पोराला फाडते. टिपेश्वरला वाघ आहेत हेही विसरू नका. नुसते डोळे चमकले म्हणून घोडा ओढायचा नसतो. अख्खे जनावर ओळखू आले पाहिजे.

आणखी एक, न विचारलेले. कुंपणात घरची लाईन सोडू नका. झटका मशीन वेगळी, तिचा करंट क्षणभराचा असतो. थेट लाईनने वाघही मेले आहेत आणि पहाटे पाणी द्यायला निघालेली माणसेही.

प्रश्न : मी मूळचा आर्वीचा, सध्या टेक्सासमध्ये नोकरीला आहे. मित्र दक्षिणेतल्या एका रँचवर चक्क रोह्याच्या शिकारीला नेणार आहेत. एक जण म्हणतो ६.५ क्रीडमूर घे, पाचशे यार्डांवर सहज लागते. दुसरा म्हणतो .३०० विंचेस्टर मॅग्नमशिवाय येऊच नको. कोणाचे ऐकू?

अर्धे-अर्धे दोघांचे. ही दोन्ही नावे काडतुसांची, त्यांचे पुढे बघू. पण आधी व्हिसा बघा. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगायला एरवी मनाई आहे. जे मोजके अपवाद आहेत त्यांतला तुमच्या उपयोगाचा एक, एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. मित्राची रायफल नुसती हातात घेण्याआधीही तो खिशात हवा. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. टेक्सासमध्ये रोही परदेशी जनावर गणला जातो, त्याला बंद हंगाम नाही, पण शिकार परवाना आणि जमीनमालकाची परवानगी लागतेच.

तो तिकडे पोचला १९२० आणि ३० च्या दशकांत. किंग रँचवर प्राणिसंग्रहालयांतून आणून सोडला आणि तिथल्या झुडपी माळावर असा रमला की आता हजारोंनी आहे. घाटंजीकरांना हे वाचून काय वाटेल ते मी बोलत नाही.

मोठा नर दोनशे-अडीचशे किलोचा. मानेची आणि खांद्याची कातडी जाड, हृदय-फुप्फुसे पुढे आणि खाली. गोळी आरपार गेली नाही तर रक्ताचा माग फारसा पडत नाही. म्हणजे हवी खोल शिरणारी, फुलून पसरणारी पण न फुटणारी गोळी. शिशाचा गाभा कवचाला पक्का जोडलेली बाँडेड, मधे आडवा पडदा असलेली नोस्लर पार्टिशन (१९४८ पासून बाजारात आहे), किंवा पूर्ण तांब्याची, यांपैकी कोणतीही चालेल. ६.५ च्या त्या लांब, निमुळत्या, प्लास्टिकच्या टोकाच्या गोळ्या हवा सुंदर कापतात, पण त्यांचे कवच दूरवर, कमी वेगातही फुलावे म्हणून पातळ ठेवलेले असते. तीच गोळी शंभर यार्डांवर रोह्याच्या खांद्याच्या हाडावर बसली तर तुकडे होऊ शकतात.

आता काडतूस. जाहिरातीत नळीच्या तोंडाशी असलेला वेग छापतात. तुम्ही पोचतानाचा वेग बघा. नेहमीच्या शिकारी गोळीला फुलायला सेकंदाला १,८०० फुटांच्या आसपास वेग लागतो. त्याखाली ती भोक पाडून निघून जाते. .३०-०६ मधून १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) पार्टिशन साधारण २,७०० ने सुटते, ३०० यार्डांवर २,१०० च्या वर असते आणि ४०० ला २,००० च्या खाली येते. त्या जनावराला त्या गोळीची मर्यादा तिथेच. .३०० मॅग्नम तीच गोळी २,९५० ने सोडते, म्हणजे शंभरेक यार्ड वाढवून मिळतात. त्यांची किंमत जवळपास दीडपट धक्का. धक्क्याच्या भीतीने घोडा ओढताना डोळे मिटणाऱ्याला ते शंभर यार्ड कधीच मिळत नाहीत.

पाचशे यार्डांच्या गप्पांबद्दल. ६.५ ची १४३ ग्रेनची गोळी तिथे २,००० च्या आसपास पोचते, हरणाला पुरेशी. २०० यार्डांवर शून्य केलेली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवलेली रायफल पाचशेला साडेतीन फूट खाली मारते, पण ते अंतरमापकाने सुटते. वारा सुटत नाही. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला सव्वा फूट ढकलतो, आणि दक्षिण टेक्सासच्या किनाऱ्यालगत वारा पडलेला क्वचितच असतो. शिवाय गोळीला पोचायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात चरणाऱ्या रोह्याने एक पाऊल पुढे टाकले की खांद्यावर धरलेला नेम पोटात जातो. यंत्र कोणतेही घ्या, हे पाऊल त्याला आधी कळत नाही.

माझे मत : .३०-०६ किंवा .३०८, त्यात १६५ ते १८० ग्रेनची बाँडेड गोळी. .३०० तेव्हाच, जेव्हा ती न दचकता झाडायची सवय आधीपासून असेल. रायफल बोल्टची (दर गोळीला हाताने खिटी ओढायची), २२ ते २४ इंची नळीची, दुर्बिणीसह चार किलोच्या आतबाहेर. घोडा हलका आणि कुरकुर न करणारा हवा, तिथे पैसे घाला. दुर्बीण ३-९, म्हणजे तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, पुरे. मग रेंजवर टेबलाचा आधार सोडा, बसून, काठीच्या आधाराने, थंड नळीने आठ इंची पत्र्यावर झाडा. जिथपर्यंत प्रत्येक गोळी पत्र्यात बसते तेवढा तुमचा पल्ला. नवख्याचा तो बहुधा दोनशे यार्डांच्या आत निघतो. ज्या बॉक्समधल्या काडतुसांनी शून्य कराल तीच शिकारीला न्या.

आणि ती रायफल गावी आणायचा बेत करू नका. ऐंशीच्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्राची आयात बंद आहे, सवलत नामांकित नेमबाजांना. त्यातून ७.६२ मिमीची लष्करी गोळी जिच्यात बसते ती रायफल आपल्याकडे प्रतिबंधित बोअरची, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या मापाची.

प्रश्न : वडील गेल्यावर त्यांच्या पेटीत आजोबांच्या वेळची .३१५ रायफल आणि मूठभर जुनी काडतुसे निघाली. दुर्बीण लावली तर तीनशे मीटर मारेल का? — मूल, जि. चंद्रपूर

वडिलांचा परवाना वडिलांबरोबर संपला. रायफल विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि वारस म्हणून परवान्याचा अर्ज करा. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, वारसाचे शस्त्रही त्यातच मोजले जाते. तुमच्या नावावर आधीच दोन असतील तर भावाबहिणींत कोण अर्ज करणार ते आजच ठरवा.

रायफल चांगली आहे, तिला नावे ठेवणार नाही. .३०३ लष्करी म्हणून नागरिकांना वर्ज्य, म्हणून जुन्या ८ मिमी मानलिखर काडतुसावरची ही .३१५ इशापूरच्या कारखान्यातून शिकाऱ्यांच्या हाती आली. गोळी २४४ ग्रेनची, गोल नाकाची, वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या थोडा वर. जड आणि संथ. शंभर मीटरवर शून्य केली तर दोनशेला फूटभर आणि तीनशेला तीन फुटांच्या आसपास खाली जाते. अंतर अंदाजताना वीस-तीस मीटरची चूक झाली की संपले. ती दाट रानात, माचणावरून, शंभर मीटरच्या आतल्या जनावरासाठी होती. दुर्बिणीसाठी तिच्या पोलादाला भोके पाडू नका. उघड्या माशीनेच, म्हणजे नळीवरच्या नेमाच्या खुणेनेच, ती शोभते.

काडतुसांच्या बुडावरचा शिक्का तपासा. त्यांत .३०३ मिसळलेली असली तर ती प्रतिबंधित आहेत, आणि .३१५ मध्ये घालून बघायचीही नाहीत. बाकीचीही नाल्यात जाऊन ‘चालतात का’ म्हणून झाडू नका. काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या जुन्या टोप्या कधी फुसक्या निघतात, कधी क्षणभर थांबून पेटतात, आणि तोवर माणसाने बोल्ट उघडलेला असतो. रायफलीबरोबर तीही जमा करा.

प्रश्न : .३७५ असली की कुठेही लागले तरी जनावर जागेवर पडते, हे खरे का? — ब्रह्मपुरी

नाही. .३७५ हॉलंड अँड हॉलंड १९१२ पासून जगभर मोठ्या जनावरांवर वापरतात, पण पोटात बसलेली .३७५ ही पोटात बसलेलीच गोळी. जनावर कोसभर जाते आणि मग रात्रभर मरते.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. तिला लांब पल्ल्याची नेमबाजी शिकायची आहे, शिकार नाही. सुरुवात कशाने करू? — वरोरा

दहा मीटरने. .१७७ एअर रायफल, २० ज्यूलपर्यंत ताकदीची, विनापरवाना घेता येते. घरी आणल्यावर पहिला नियम एकच, पाखरांवर नाही, तोही गुन्हाच आहे. वर्षभराने जिल्हा रायफल संघटनेमार्फत .२२ आणि पन्नास मीटर. लांब पल्ल्याची खरी शाळा हीच, कारण .२२ ची संथ गोळी पन्नास मीटरवरही वाऱ्याने हलते आणि वारा वाचायला शिकवते. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली ती पन्नास मीटर प्रोनमध्ये (पालथे पडून), आणि स्वप्निल कुसळेचे २०२४ चे पॅरिसचे कांस्यही पन्नास मीटरचेच. तीनशे मीटरच्या स्पर्धाही असतात, त्यांची घाई नको.

महागडे जॅकेट पहिल्या महिन्यात घेऊ नका, या वयात ते वर्षभरात आखूड होऊ शकते. त्या पैशात छरे घ्या. आणि रोज पंधरा मिनिटे रिकाम्या रायफलीने, भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरून नुसता घोडा ओढण्याचा सराव करू द्या. एअर रायफलीला कोरड्या सरावाची कळ आहे का, ते घेतानाच दुकानदाराला विचारा. नसेल तर स्प्रिंगच्या रायफलीवर हा सराव करू नका, आतला पिस्टन खराब होतो.