आरोग्य-शंका : बीपी वंशातून येतं का?

प्रश्न : माझा मुलगा ८ वर्षांचा आहे. तो ३५व्या आठवड्यात जन्मला, तेव्हा वजन २.१ किलो होतं. आता ३६ किलो आहे. सर्दीसाठी दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी ११२/७० निघालं. नेदरलँड्समधली माझी नणंद म्हणते, आपल्या वंशाच्या मुलांचं बीपी मुळातच जास्त असतं. खरं आहे का?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, गटागटांत फरक दिसतो हे खरं. रॉटरडॅमच्या ‘जनरेशन आर’ अभ्यासात डच, तुर्की, मोरोक्कन, सुरिनामी अशा अनेक कुटुंबांतल्या मुलांची पाहणी गरोदरपणापासून होते. पण वंश म्हणजे कारण नव्हे. आईचं वजन, गरोदरपणातलं तिचं बीपी, घरची आर्थिक स्थिती, बाळाचं जन्मवजन आणि नंतर ते किती झपाट्याने वाढलं, हे सगळं त्या एका शब्दाआड दडलेलं असतं.

भारतीय बाळांबाबत पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मोठं काम केलं. तिथल्या बाळांचं सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपल्या बाळांत स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. शिवाय मूत्रपिंडातल्या गाळण्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात. पुढे नव्या होत नाहीत. लवकर आणि कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळात त्या कमी असू शकतात. त्यावर ८व्या वर्षी ३६ किलोंचा भार पडला की बीपी चढायला वाव मिळतो. जन्मवजन आता बदलता येणार नाही, आताचं वजन मात्र बदलता येईल.

आधी बीपी नीट मोजून घ्या, कारण एका आकड्यावर निदान होत नाही. ८ वर्षांच्या मुलात १०७/६९ किंवा त्याहून जास्त आलं तर पुन्हा तपासायचं. उंच मुलाला थोडी सवलत असते, म्हणून डॉक्टर उंचीचा तक्ता पाहतात. मूल ५ मिनिटं शांत बसलेलं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, उजवा हात हृदयाच्या पातळीवर हवा. सर्वांत मोठी चूक पट्ट्याची होते. दंडाचा घेर २० सेंमी असेल तर पट्ट्यातली फुगणारी पिशवी किमान ८ सेंमी रुंद आणि १६ ते २० सेंमी लांब लागते. पट्टा लहान पडला की आकडा उगाच फुगतो, आणि जाड दंडाच्या मुलांत हे हमखास घडतं. वेगवेगळ्या ३ भेटींत जास्त आलं तरच ते बीपी मानायचं. मग लघवी आणि मूत्रपिंडाची तपासणी.

मुलाला उपाशी ठेवू नका. वाढीच्या वयात वजन स्थिर राहिलं आणि उंची वाढली तरी पुरे. चिप्स, शेव, पापड, लोणचं कमी करा. तर्री-पोह्यांवरची शेव रोज नको. रोज १ तास मैदानी खेळ हवा. उन्हाळ्यात तो सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर.

प्रश्न : सूनबाई ५ महिन्यांची गरोदर आहे, खर्रा सोडत नाही. बाळावर परिणाम होईल?
– एक सासूबाई, महाल

उत्तर : होईल. खर्ऱ्यातल्या तंबाखूचं निकोटीन वारेकडचा रक्तपुरवठा आवळतं, बाळ कमी वजनाचं होतं. ‘एखादी पुडी चालते’ हे खोटं आहे. पूर्ण बंद करा. तिला रागावू नका, व्यसनमुक्तीसाठी डॉक्टरांची मदत घ्या. प्रत्येक तपासणीत बीपी मोजून माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. १४०/९० किंवा जास्त आलं, तीव्र डोकेदुखी झाली किंवा अंधुक दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका; लोहाची गोळी मात्र त्यांच्यापासून २ तास अंतराने द्या, नाहीतर लोह अंगी लागत नाही.