अकरावीला गणित सोडू का?

"बाबांचा खांदा जाळं ओढताना दुखावला. कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, हाडापासून सुटली होती, ती ऑपरेशन करून परत शिवली. डॉक्टर म्हणाले, तिथेच पुन्हा फाटू शकते. अशा जागी घालायचं स्कॅफोल्ड नावाचं साहित्य बनवतात, असं वाचलं. मला तेच करायचंय. आई म्हणते, गणित सोड, नर्सिंगला जा."
— दहावी झालेली विद्यार्थिनी, हर्णै

तुझ्या आईची काळजी रास्त आहे, नर्सिंगमध्ये लवकर कमावती होशील. पण तुला जे करायचंय त्याची वाट गणितातूनच जाते. जीवशास्त्रही घे, भौतिक आणि रसायन धरून चारही विषय ठेव.

घरी पाया आणाल तेव्हा शिजवण्याआधी कंडरा हाडाला मिळते ती जागा सुरीने उभी चिरून बघ. चकचकीत पांढरी दोरी नेमकी कुठे संपली, बोट ठेवून सांगता येत नाही. हाड कंडरेच्या साधारण शंभरपट ताठ. आधी कंडरा, मग कूर्चा, मग खनिज मुरलेली कूर्चा, मग हाड, हा सगळा बदल जेमतेम मिलिमीटरभरात. टाके घातले तरी शरीर ही उतरंड पुन्हा रचत नाही, मध्ये व्रण भरतो आणि तो कमजोर राहतो. लोखंडी कडीपाशी दोर आधी झिजतो, तसंच हे.

स्कॅफोल्ड म्हणजे पेशींसाठी बांधलेली परांची. कोलॅजेनची किंवा विरघळणाऱ्या पॉलिमरची बारीक जाळी, एका टोकाला मऊ, दुसरीकडे हाडातलं खनिज भरलेली. किती ताण सोसायचा, किती दिवसांत विरघळायचं, हा सगळा हिशेबच. अशा दुटोकी जाळ्यांचं बरंचसं काम अजून प्रयोगशाळेतच आहे, म्हणून माणसं हवीत.

बारावीनंतर सीईटी किंवा जेईई देऊन मटेरिअल्स, पॉलिमर किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंग. मी पहिल्या दोहोंकडे झुकेन, कारण हे क्षेत्र चिंचोळं आहे आणि त्या पदव्यांवर इतरत्रही नोकरी मिळते. पुढे गेट ही प्रवेश परीक्षा, मग आयआयटी मुंबई किंवा तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय संशोधन संस्था. तिथे बनवलेल्या कृत्रिम हृदयझडपेची पहिली तीन मॉडेलं फसली, चौथं 1990 मध्ये रुग्णाला बसलं. पीएचडीपर्यंत दहा वर्षं धर. संशोधनाच्या काळात फेलोशिप मिळते, हे आईला आवर्जून सांग.

आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत बाबांना जाळ्याला हात लावू देऊ नकोस.