समोरच्याकडे बघ

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज सावकाश वाचला. 'स्ट्रीट फायटर ६' हा दोघांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम मोठ्या हौसेने घेतलास, शनिवार-रविवार मिळून दोन-तीन तास मिळतात, आणि ते सगळे मार खाण्यात जातात. त्यात हॉस्टेलमधल्या कुणीतरी सांगितलं की मॉडर्न कंट्रोलवर, म्हणजे सोप्या बटणांच्या पद्धतीवर, खेळणं ही लबाडी, आधी कॉम्बो, म्हणजे सलग जोडलेले फटके, घोटून ये आणि मगच ऑनलाइन उतर. आता तू विचारतेस, तेवढा वेळ देता येत नसेल तर सोडून द्यावं का?

सोडू नकोस. आणि घोटत तर मुळीच बसू नकोस. फायटिंग गेमची खरी गंमत कॉम्बो पाठ झाल्यावर सुरू होते असं सगळीकडे सांगतात, ते मला पटत नाही. समोर एक माणूस आहे, त्याला काहीतरी हवं आहे आणि ते आपल्याला ओळखायचं आहे, हे ज्या क्षणी जाणवलं त्या क्षणी खेळ सुरू झाला. ते अगदी खालच्या रुकी रँकमध्येही होतं, पहिल्या आठवड्यातही होतं. सध्या तुझं सगळं लक्ष स्वतःच्या पात्रावर आणि स्वतःच्या बोटांवर आहे. ते उचलून समोरच्यावर ठेव. पुढे जे काही लिहिते आहे ते एवढ्यासाठीच.

आधी मॉडर्नचं बोलू, कारण ते तुझ्या मनाला लागलेलं दिसतंय. क्लासिकमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीत, हाडोकेन (हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा) काढायला खाली, खाली-पुढे, पुढे आणि मग ठोसा असा क्रम लागतो. १९८७ च्या पहिल्या 'स्ट्रीट फायटर'पासून तो चालत आला आहे. तीन ठोशांची आणि तीन लाथांची अशी सहा बटणं १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २'ने जगभर रुजवली. मॉडर्नमध्ये र्‍यू या पात्राचं हाडोकेन एका बटणावर निघतं, आणि पुढची दिशा धरून तेच बटण दाबलं की शोर्युकेन, म्हणजे उसळी घेऊन वर मारलेला ठोसा. याची किंमत गेम वसूल करतो. अशा एका बटणाने काढलेल्या स्पेशलचं, म्हणजे खास फटक्याचं, डॅमेज २० टक्क्यांनी कमी असतं, आणि पात्राचे काही साधे फटके मॉडर्नमध्ये मिळतच नाहीत. कॅपकॉमच्या अधिकृत स्पर्धांमध्येही मॉडर्न चालतं. म्हणजे ज्यांनी हा गेम बनवला त्यांनी समजून-उमजून केलेला हा सौदा आहे, आणि आठवड्याला दोन-तीन तास मिळणाऱ्या मुलीच्या तो पूर्ण फायद्याचा आहे. हातांचं काम हलकं झालं की डोकं मोकळं राहतं. ते मोकळं डोकं समोरच्यावर खर्च कर. पुढे कधी वाटलं तर क्लासिक शीक, पण कुणी हिणवलं म्हणून शिकू नकोस.

आता मुख्य गोष्ट. पुढच्या शनिवारी मॅच सुरू झाली की पहिल्या फेरीत जिंकायचा विचारच करू नकोस. खाली-मागे दिशा धरून बसून ब्लॉक कर, म्हणजे फटके अडव, आणि समोरचा काय करतो ते मनातल्या मनात बोल. उडी मारली. पुन्हा उडी मारली. लाथ घातली. पुन्हा उडी. खालच्या रँकमधली माणसं बहुतेक वेळा दोन-तीनच गोष्टी आलटून पालटून करत असतात, आणि त्या दोन-तीन गोष्टी तुला त्या एका फेरीत दिसतील. ती फेरी हरलीस तरी बिघडत नाही, दुसरी आहे.

सगळ्यात आधी दिसेल ती उडी. या गेममध्ये हवेत असताना ब्लॉक करता येत नाही. उडी निघाली की ती साधारण कुठे उतरणार हेही ठरलेलं असतं. म्हणजे उडी मारणारा आपण होऊन तुझ्या हातात येत असतो. तेव्हा पुढे आणि स्पेशलचं बटण. शोर्युकेन. तीनदा असं पाडलंस की चौथ्यांदा तो उडी मारायला कचरेल. ते कचरणं तुला पडद्यावर स्पष्ट दिसेल. तो जमिनीवर पुढे-मागे घुटमळायला लागेल. एका बटणाच्या बळावर तू दूर कुठेतरी बसलेल्या, तुला अजिबात न ओळखणाऱ्या माणसाचं मन बदललंस! मला तर या एका गोष्टीपुढे पन्नास फटक्यांचा कॉम्बोही फिका वाटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ड्राइव्ह इम्पॅक्ट, तो शाईचे फटकारे उडवत येणारा मोठा धक्का. नव्या खेळाडूंना तो फार आवडतो, कारण मधे आलेले दोन फटके तो सोसतो आणि तरीही पुढे येतो. पण तो येऊन आदळायला २६ फ्रेम लागतात. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी वेळ तुझ्याकडे असतो. मॉडर्नमध्ये ड्राइव्ह इम्पॅक्टला स्वतंत्र बटण आहे. त्याचा आलेला दिसला की तूही दाब, तुझा नंतर सुटलेला त्याच्यावर भारी पडतो. अर्धा सेकंद कमी वाटतो, पण तू आपलं बटण कधी दाबायचं याच विचारात असतेस तेव्हाच तो कमी पडतो. त्याची वाटच बघत असशील तर पुरतो. भिंतीला टेकलेली असताना जास्त सावध राहा, तिथे नुसता ब्लॉक केलास तरी तो तुला भिंतीवर आदळवतो.

आणि तिसरी, माझ्या सगळ्यात आवडीची. खाली पडलेला माणूस उठताना काय करतो ते बघ. यात त्याचा स्वभाव कळतो. कुणी घाबरून उठता उठता शोर्युकेन मारतो. कुणी थ्रो करायला, म्हणजे पकडून आपटायला, धावतो. कुणी निमूट ब्लॉक धरतो. पहिल्या जातीचा भेटला तर त्याला पाडल्यावर जवळ जा आणि काहीही न करता ब्लॉक धरून उभी राहा. तो हवेत जाईल, रिकाम्या हाताने खाली येईल, आणि आता डाव तुझा. तेव्हा तुझ्याकडे असलेला सगळ्यात मोठा फटका घाल, घाई नको. तिसऱ्या जातीला, म्हणजे नुसतंच ब्लॉक करणाऱ्याला, थ्रो कर, कारण थ्रो ब्लॉक होत नाही. आणि मग कधीतरी असं होईल की तू नेहमीसारखी थांबलीस आणि त्याने शोर्युकेन मारलीच नाही. तो तुला वाचायला लागला! मॅच हरलीस तरी त्या क्षणी तुला कळेल की लोक हा खेळ वर्षानुवर्षं का खेळतात.

मग स्वतःला विचार: मी उठताना काय करते? तो समोरचाही हेच बघत असतो.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे गावोगावी व्हिडिओ गेम पार्लर होते. नाणं किंवा टोकन टाकायचं आणि अनोळखी मुलाच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. जिंकणारा मशिनवर राहायचा, हरणाऱ्याने बाजूला व्हायचं. तिथे कुणी कुणाला शिकवत नसे. आपली पाळी येईपर्यंत मागे उभं राहून बघत राहायचं, हीच शाळा. पैसे थोडे असल्यामुळे बघणं जास्त आणि खेळणं कमी व्हायचं, आणि त्यातूनच पोरं तयार व्हायची. लाहोरचा अर्सलान ॲश २०१९ मध्ये 'टेकन ७' हा दुसरा फायटिंग गेम खेळून जपानमधली इव्हो ही फायटिंग गेमची मोठी स्पर्धा जिंकला आणि त्याच वर्षी अमेरिकेतलीही. तोवर 'टेकन'मधले पाकिस्तानी खेळाडू जगाला फारसे माहीत नव्हते. आमच्याकडे माझ्याहून चांगले खेळणारे आहेत, असं त्याने तेव्हा सांगितलं होतं. शेजारी बसलेल्यांना वाचत वाचत ती पोरं तिथवर पोहोचली. तू स्पर्धेला जावंस म्हणून हे सांगत नाही. बघण्यात घालवलेला वेळ फुकट जात नाही, एवढंच.

बघणं डोळ्यांनीच व्हावं लागतं असंही नाही. 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये आवाजाच्या सोयी आहेत. दोघांमधलं अंतर, फटका वरचा की खालचा, ड्राइव्हची (ड्राइव्ह इम्पॅक्टसारख्या चालींसाठी खर्च होणाऱ्या साठ्याची) पातळी, यांचे वेगवेगळे आवाज चालू करता येतात. त्या आधारावर नेदरलँड्सचा एक दृष्टिहीन खेळाडू २०२३ मध्ये इव्होला उतरला होता. ते आवाज तूही थोडे दिवस लावून बघ. लक्ष कशाकशाकडे देता येतं ते कळेल.

पात्र कुठलं घ्यावं, यावर इंटरनेटवर ढीगभर याद्या सापडतील. त्या वाचू नकोस. तुझ्या रँकमध्ये त्यांचा काडीचा उपयोग नाही. ज्याची चाल, ज्याचा फटका बघून तुला बरं वाटतं ते पात्र घे आणि दोन-तीन महिने बदलू नकोस. स्वतःच्या पात्राकडे बघावं लागू नये इतकं ते ओळखीचं झालं पाहिजे. मला मारिसा आवडते. इटलीची, अंगाने दणकट, तिचे फटके मोजके आणि जबर, त्यामुळे मधल्या वेळात विचार करायला उसंत मिळते. फक्त आपला भारतीय म्हणून धालसिम घेऊ नकोस. लांबच लांब हातपाय घेऊन अंतर सांभाळणं नवशिक्याला फार जड जातं. बदलावंसं वाटलंच तर रँक प्रत्येक पात्राची वेगळी असते, त्यामुळे आधीच्या पात्राचं काही बिघडत नाही. पैसे देऊन घ्यायची नवी पात्रं सध्या राहू देत. सुरुवातीला मिळणारी १८ तुला वर्षभर पुरतील.

सरावही हवा, पण दहा मिनिटांचा. ट्रेनिंग मोडमध्ये समोरच्या पुतळ्याला कधी उडी मारायला, कधी ड्राइव्ह इम्पॅक्ट मारायला लाव, कुठलं कधी येईल ते तुला माहीत नसेल असं, आणि फक्त योग्य उत्तर दे. एकच छोटा कॉम्बो शीक, तीन फटक्यांचा चालेल. तो कुठेही, कधीही न चुकता निघाला पाहिजे. बाकी वेळ माणसांबरोबर खेळ. आणि आठवड्यातून एक हरलेली मॅच रिप्लेमध्ये बघ, पण या वेळी समोरच्याच्या बाजूने. त्याला तू कशी दिसत होतीस? रिप्ले मधेच थांबवता येतो. ज्या ठिकाणी मार खाल्लास तिथे थांब आणि दुसरं काय उत्तर देता आलं असतं ते बघ.

हरण्याबद्दल लिहिलं आहेस, म्हणून थोडं हिशेबाचं सांगते. रँकचं काम तुला तुझ्याच ताकदीचा माणूस शोधून देणं. ते काम नीट झालं तर तू साधारण निम्म्या मॅच हरणारच, आणि डायमंड या वरच्या रँकमधला माणूसही निम्म्या हरतो, त्याहून वरच्या मास्टरमधलाही. आत्ता तू त्याहून जास्त हरते आहेस, कारण गेमला तुझी जागा अजून सापडलेली नाही. ती सापडू दे. मात्र ओळीने तीन-चार हरलीस आणि बोटं उगाच जोरात आपटायला लागली की त्या दिवसापुरतं रँक बंद कर. राग आला की माणूस समोरच्याकडे बघणं सोडतो, आणि मग खेळण्यात काही उरत नाही. तेव्हा वर्ल्ड टूर हा गेममधला एकट्याने खेळायचा भाग उघड, त्यातल्या मेट्रो सिटीत भटक, झोप. कुणी मॅचनंतर वाईट शब्दांत मेसेज टाकला तर उत्तर न देता ब्लॉक कर. त्याच्याशी वाद घालणं तुझं काम नाही. मुलगी आहे कळल्यावर काहींची जीभ जास्तच सुटते, म्हणून व्हॉइस चॅट सरळ बंद ठेव.

शक्य असेल तर वायफाय सोड आणि केबल लाव. या गेमचं रोलबॅक, म्हणजे ऑनलाइन खेळ जुळवून घेणारी यंत्रणा, समोरच्याने काय दाबलं असेल याचा अंदाज बांधून चित्र पुढे नेतं आणि चुकलं तर मागे येऊन दुरुस्त करतं, पण वायफाय लडखडलं की दुरुस्त्या इतक्या होतात की समोरचा उड्या घेतल्यासारखा दिसतो. जो नीट दिसत नाही त्याला वाचणार कसं? मॅच स्वीकारण्याआधी त्याचं कनेक्शन कसं आहे ते दाखवतात. खराब असेल तर नकार दे, त्यात उद्धटपणा नाही.

दिवाळीला घरी जाशील तेव्हा लॅपटॉप टीव्हीला जोड आणि दादाला शेजारी बसव. आजोबांनाही बसव. एकाच घरात खेळताना डायनॅमिक नावाचा तिसरा कंट्रोल मिळतो. कुठलंही बटण दाबलं तरी प्रसंगाला साजेसा फटका गेम स्वतः निवडतो. ऑनलाइन तो चालत नाही, तो घरच्यांसाठीच आहे. आजोबा कॅरममध्ये समोरच्याची नजर बघून कुठली सोंगटी मारणार ते ओळखतात, ते तू लहानपणापासून बघितलं आहेस. एक फेरी झाल्यावर ते तुझी कुठली खोड ओळखतात ते त्यांनाच विचार.

वयाचंही मनातून काढून टाक. सगळे पोरसवदा आहेत आणि आपण उशिरा आलो असं तू लिहिलंस. हांगचौच्या एशियन गेम्समध्ये, २०२३ साली, 'स्ट्रीट फायटर ५'चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी जिंकलं तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. तू अजून विशीत आहेस.

रविवारी रात्री नऊनंतर मी मोकळी आहे. कस्टम रूम कर आणि पासवर्ड पाठव. मी मारिसा घेईन, मुद्दाम सोपं खेळणार नाही. त्याआधी एक हरलेला रिप्ले बघून ठेव आणि मला सांग, तो माणूस पडल्यानंतर उठताना दर वेळी काय करत होता.

तुझी,
मावशी