पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आणि तीन महिने पगार नाही: कतारमधल्या भावाने काय करावं?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ आयटीआय वेल्डर आहे. १४ महिन्यांपूर्वी मुंबईतल्या एका एजंटामार्फत तो कतारला, दोह्याला गेला. एजंटाने १,८०० रियाल पगार सांगितला होता. तिथे उतरल्यावर १,००० रियालच्या करारावर सही घेतली. 'व्हिसा स्टॅम्पिंगला' म्हणून घेतलेला पासपोर्ट परत दिला नाही. तीन महिन्यांचा पगार थकलाय. दुसऱ्या कंपनीत काम मिळतंय, पण सुपरवायझर म्हणतो एनओसी मिळणार नाही, गेलास तर पळून गेल्याची केस टाकू. आता ऑफिसवाले एका अरबी कागदावर सही मागतात. सही केलीस तरच पासपोर्ट. एजंटाला १,१०,००० रुपये मी दागिने गहाण ठेवून माझ्या खात्यातून दिले. मुलगा म्हणतो, जिनिव्हाच्या आयएलओकडे (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे) तक्रार करता येते. करू का?
— एक बहीण, गुहागर तालुका

उत्तर: ताई, आधी भावाला फोन लावा आणि दोन गोष्टी सांगा. त्या कागदावर सही करायची नाही. आणि कंपनीचा कॅम्प, म्हणजे कामगारांची राहायची जागा, सोडून दुसरीकडे रोखीवर कामाला उभं राहायचं नाही. बाकीचं उद्या बोललात तरी चालेल.

तो अरबी कागद बहुतेक 'हिशोब पूर्ण मिळाला, कंपनीकडे काही येणं नाही' असा असणार. कतारचा कामगार कायदा २००४ चा आहे. त्याच्या कलम ४ प्रमाणे कामगाराने आपल्या हक्कावर पाणी सोडल्याचा असा कागद रद्दबातल ठरतो, त्यामुळे चुकून सही झालीच असेल तर आभाळ कोसळलं असं समजू नका. पण मग सही कशी घेतली हे सांगत बसण्याची वेळ त्याच्यावर येते. मोबाइलवर त्या कागदाचा फोटो मात्र जरूर काढून ठेवू दे.

कॅम्प सोडायचा नाही, कारण कंपनीला तेच हवं असतं. कामगार गैरहजर झाला की 'पळाला' अशी नोंद पोलिसांकडे करता येते, आणि मग थकलेल्या पगाराचा विषय बाजूला पडून तुमचा भाऊच आरोपी होतो. त्याची तक्रार कंपनीच्या आधी कतारच्या कामगार मंत्रालयात नोंदलेली असेल, तर नंतर टाकलेली 'पळाला' केस सूडाची आहे हे दाखवायला हातात तारखेचा पुरावा राहतो. म्हणून सगळा खेळ तारखांचा आहे. मी कतारमध्ये वकिली करत नाही, पण आखातात गेलेल्या आपल्याकडच्या मुलांची जी प्रकरणं माझ्या टेबलावर येतात, त्यांतली निम्मी याच एका घाईने बिघडलेली असतात.

आता एनओसी, म्हणजे नोकरी बदलायला जुन्या मालकाचा ना हरकत दाखला. सुपरवायझर जुना कायदा सांगतोय, आणि बहुधा जाणूनबुजून. तुमच्या मुलाने नेटवर जे वाचलं त्याचा धागा इथे जुळतो, म्हणून थोडं मागे जाते.

२०१० मध्ये फुटबॉलचा विश्वचषक कतारला मिळाला, स्टेडियमची कामं निघाली आणि तिथल्या 'कफाला' पद्धतीकडे जगाचं लक्ष गेलं. कफाला म्हणजे व्हिसा, नोकरी बदलणं आणि देश सोडणं या तिन्हीच्या किल्ल्या एकाच मालकाच्या खिशात. सक्तीच्या मजुरीविरुद्धचा आयएलओचा १९३० चा करार कतारने १९९८ मध्येच मान्य केला होता. तरी हे चालू आहे म्हणून जून २०१४ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत कामगारांच्या बारा प्रतिनिधींनी कतार सरकारविरुद्ध तक्रार दाखल केली. चौकशी आयोगाची टांगती तलवार तीन वर्षं डोक्यावर राहिली. शेवटी कतारने कायदे बदलण्याचा कार्यक्रम आयएलओबरोबर ठरवला, नोव्हेंबर २०१७ मध्ये तक्रार बंद झाली आणि २०१८ मध्ये आयएलओचं कार्यालय थेट दोह्यात उघडलं.

त्या दबावातून आलेले बदल तुमच्या भावाच्या कामाचे आहेत. देश सोडायला मालकाची परवानगी लागायची, ती अट २०१८ मध्ये बहुतेक कामगारांसाठी गेली. २०२० च्या कायदा-बदलांनी नोकरी बदलायला लागणारी एनओसी काढून टाकली. मार्च २०२१ पासून किमान वेतन लागू झालं: मूळ पगार १,००० रियाल, आणि कंपनी राहायला जागा देत नसेल तर ५०० व जेवण देत नसेल तर ३०० रियाल वर. भाऊ कॅम्पमध्ये स्वतःच्या खर्चाने जेवत असेल आणि ते ३०० रियाल मिळत नसतील, तर तीही थकबाकीच आहे. हे बहुतेक मुलांना कुणी सांगतच नाही.

त्याची नोकरी दोन वर्षांच्या आतली आहे, म्हणून एक महिन्याची नोटीस द्यावी लागेल. ती मंत्रालयाच्या ऑनलाइन पद्धतीने, नव्या कंपनीच्या ऑफर लेटरसह द्यायची. तोंडी सांगून किंवा व्हॉट्सअॅपवर टाकून भागत नाही. मालकाने पगारच दिला नाही तर नोटीस न देता नोकरी सोडण्याचा हक्क कलम ५१ देतं, पण माझं मत विचाराल तर तो रस्ता धरू नये. कागदावर एनओसी गेली तरी राजीनाम्यावर जुन्या कंपनीचा शिक्का आणा, असं सांगितल्याच्या तक्रारी कामगार करत आले आहेत. अशा ठिकाणी जास्तीची एक पायरी चढलेली बरी. क्रम असा: आधी पगाराची तक्रार, मग नोटीस. नवीन कंपनीच्या नावावर कतारचा आयडी (निवास परवान्याचं कार्ड) झाल्याशिवाय तिथे हात लावायचा नाही.

तक्रार कामगार मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर होते. कायद्याप्रमाणे आधी सात दिवसांत समेटाचा प्रयत्न होतो, जमलं नाही तर न्यायाधीश अध्यक्ष असलेल्या वाद निवारण समितीकडे प्रकरण जातं आणि तिने तीन आठवड्यांत निकाल द्यायचा असतो. कोर्ट फी लागत नाही. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, आणि निकाल मिळूनही मालक पैसे देत नाही असंही होतं. त्यासाठी सरकारचा कामगार साहाय्य व विमा निधी आहे, पण तिथेही रांग असते. करार संपल्यापासून एक वर्षाच्या आत दावा झाला पाहिजे. 'घरी जाऊ, मग बघू' म्हणून परत आलेल्यांचे पैसे इथेच बुडतात.

पुराव्यात सगळ्यात भारी आहे ते बँकेचं स्टेटमेंट. तिथे पगार बँकेतूनच द्यावा लागतो, त्यामुळे कोरे गेलेले तीन महिने मंत्रालयाच्या यंत्रणेतही दिसतात. शिवाय करार, आयडीच्या दोन्ही बाजू, हजेरीचे फोटो आणि सुपरवायझरचे धमकीचे व्हॉइस मेसेज. हे सगळं आजच तुमच्या फोनवर मागवून घ्या. कंपनीचं सिम उद्या बंद होऊ शकतं. मागणीत फक्त तीन पगार लिहून थांबू नका. वर्ष पूर्ण झालंय, म्हणजे दर वर्षामागे किमान तीन आठवड्यांच्या मूळ पगाराइतकी ग्रॅच्युइटी आणि न घेतलेल्या रजेचे पैसेही येतात. तिथल्या बँकेचं कर्ज किंवा क्रेडिट कार्ड आहे का, तेही विचारा. थकीत कर्जापायी विमानतळावर अडवलेली मुलं मी पाहिली आहेत.

निवास परवान्याचं काम झालं की पासपोर्ट परत द्यायचाच असतो. कामगाराने लेखी विनंती केली असेल तरच तो मालकाकडे राहू शकतो. एरवी २५,००० रियालपर्यंत दंड आहे. त्याच तक्रारीत ही मागणी घाला, आणि भारतीय दूतावासाला कळवा. इथून तुम्ही परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाका. त्या तक्रारीचा नंबर हातात असला की दूतावासातला माणूस फाइल उघडून बोलतो.

आयएलओचं आता सरळ सांगते. आयएलओ सरकारांना जाब विचारते. एकेका कामगाराचा पगार वसूल करून देणारं ते कोर्ट नाही. जिनिव्हाला पत्र पाठवून तुमचा महिना वाया जाईल. पासपोर्ट काढून घेणं, पगार अडवणं, सांगितलं एक आणि दिलं दुसरंच, ही मात्र तिन्ही आयएलओच्या मते सक्तीच्या मजुरीची लक्षणं आहेत. तक्रारीत हे शब्द असेच्या असे वापरा, वजन पडतं. आणि हे काही परकं तत्त्वज्ञान नाही. दिल्लीत एशियाडची स्टेडियम बांधणाऱ्या मजुरांच्या प्रकरणात १९८२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवणं ही घटनेच्या अनुच्छेद २३ खालची सक्तीची मजुरीच आहे. खेळाचं मैदान आणि मजुराची पिळवणूक ही जोडी आपल्याकडेही जुनीच.

१,८०० रियालचं काय? तिथली समिती सही केलेला १,००० चा करार बघणार, त्यामुळे फरकाची रक्कम तिथे मिळणं अवघड आहे. ती लढाई एजंटाशी, इथे. तुमचा भाऊ दहावी पास असेल, तर त्याच्या पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्स (परदेशी कामाला जायची सरकारी मंजुरी) लागलं नसेल. याच फटीतून एजंट सुटायला बघतात. पण १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे भरती करणाऱ्याकडे सरकारी नोंदणी असावीच लागते. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचं नाव शोधा. नोंदणी असली तरी सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याहून एक पैसा जास्त घेता येत नाही. त्याने तुमच्याकडून तिपटीहून जास्त घेतलेत.

पैसे तुमच्या खात्यातून गेलेत, म्हणजे फसवणूक तुमचीही झालीय. भाऊ परत यायची वाट न बघता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि एमिग्रेशन कायद्याखाली तुम्ही स्वतः फिर्याद देऊ शकता. 'मुंबईला जा' असं गुहागरला सांगितलं तर झीरो एफआयआरचा (हद्द कुठलीही असली तरी नोंदवावी लागणाऱ्या फिर्यादीचा) आग्रह धरा, आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयाला प्रत पाठवा. सोबत १,८०० रियालचा जो काही मेसेज किंवा ऑफर असेल तो जोडा.

फिर्याद झाली की एजंटाचा फोन येईलच: ताई, पैसे देतो, मिटवून टाका. घ्या. पण बँकेतून, पूर्ण, आणि खात्यात दिसल्यावरच पुढचं बोला. चेक घेऊन कशावरही सही करू नका.