पहिलं प्रेसिंग, दुसरं प्रेसिंग आणि तिसरी भानगड

हार्डकोर पंकच्या, म्हणजे पंक रॉकच्या अधिक वेगवान आणि कर्कश प्रकाराच्या, रेकॉर्ड जमवणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली. एकच प्रश्न दोघातिघांनी विचारला असेल तिथे पत्रं एकत्र केली आहेत. ‘माझ्याकडच्या रेकॉर्डचे किती येतील?’ असं विचारणाऱ्यांनी मात्र वाट पाहू नये. भाव सांगणं हे या सदराचं काम नाही.

प्रश्न : ताई, मायनर थ्रेट, ब्लॅक फ्लॅग, बॅड ब्रेन्स हे सगळे बँड मी आजवर फोनवरच ऐकले. आता रेकॉर्ड घ्यायच्या आहेत. मूळ प्रती परवडत नाहीत आणि नवीन छापलेल्या घेतल्या तर जाणकार नाकं मुरडतात. सुरुवात कुठून करू?

नवीन प्रतींपासून करा, आणि मुरडलेल्या नाकांकडे लक्ष देऊ नका.

मायनर थ्रेटच्या रेकॉर्ड काढणारं डिस्कॉर्ड हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी 1980 मध्ये वॉशिंग्टन डीसीत काढलं, ते एका कामापुरतं. त्यांच्या टीन आयडल्स या बँडची आठ गाणी सात इंची रेकॉर्डवर आणायची होती. बँड तोवर मोडलासुद्धा होता. कार्यक्रमांतून जमलेले थोडे पैसे चौघांनी वाटून घ्यायचे की त्यांतून रेकॉर्ड काढायची, एवढाच विषय होता. हजार प्रती निघाल्या. कव्हरं सपाट कागदावर छापून आली. ती कापणं, दुमडणं, चिकटवणं हे पोरांनी घरी बसून केलं. आज ती प्रत मिळणं मुश्कील, कारण तेव्हा हजारांच्या वर काढायची ऐपत नव्हती. कमी काढून भाव चढवावा असा विचार त्यात कुठेच नव्हता. उलट याच लेबलने पुढे आपली गाणी पुन्हा पुन्हा छापून वाजवी दरात मिळत ठेवली. मग त्यांनीच काढलेली नवी प्रत कमअस्सल कशी?

मायनर थ्रेटचं बोलायचं तर त्यांच्या पहिल्या दोन्ही सात इंची रेकॉर्डमधली गाणी 1984 मध्ये बारा इंचीवर एकत्र आली. ती एक घेतलीत की सुरुवात झाली. आणि बॅड ब्रेन्सचा 1982 चा पहिला अल्बम तर रोअर (ROIR) या लेबलने फक्त कॅसेटवर काढला होता. त्याची रेकॉर्ड ‘मूळ, पहिली’ म्हणून कुणी विकत असेल तर त्याला नम्रपणे विचारा, कॅसेट कुठे आहे?

प्रश्न : एका विक्रेत्याने ‘ओरिजिनल प्रेसिंग’ (पहिल्या खेपेला छापलेली प्रत) म्हणून 1981 ची एक सात इंची दाखवली. फोटो दोनच, पुढचा आणि मागचा. खरी आहे हे कसं ओळखायचं?

त्या दोन फोटोंवरून मीही ओळखू शकणार नाही. तिसरा मागा.

गाणी संपल्यावर मधल्या कागदी लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्यावर आकडे आणि अक्षरं कोरलेली असतात. तो मॅट्रिक्स नंबर. रेकॉर्ड बनते ती अशी : आधी लॅकरचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर गाणं कोरतात. त्या चकतीवरून धातूचे साचे घेतात आणि शेवटच्या साच्याने, म्हणजे स्टँपरने, गरम प्लास्टिक दाबतात. लॅकरच्या चकतीवर कोरलेलं सगळं पुढच्या प्रत्येक प्रतीवर उतरतं. कोरणाऱ्या तंत्रज्ञाची सही, बँडने सांगून लिहवून घेतलेला एखादा चावट शेरा, सगळं. म्हणून दिवा तिरका धरून काढलेला त्या पट्ट्याचा फोटो मागायचा आणि तो डिस्कॉग्स या रेकॉर्डची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावरच्या नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायचा. आकडे हाताने खरडलेले की ठसा मारलेले, हेही बघायचं.

पण इथे बरेच जण थांबतात आणि फसतात. लहान लेबलं दुसऱ्या खेपेला नवीन चकती कोरून घेत नसत. त्याच साच्यांवरून पुढच्या प्रती निघत. म्हणजे नंबर जुळला तरी प्रेसिंग पहिलंच असेल असं नाही. मग कागदाकडे वळायचं. लेबलचा रंग कोणता? कव्हरच्या मागे पत्ता कुठला? या कंपन्या घरून चालायच्या, त्यामुळे घर बदललं की पत्ता बदले. गाण्यांच्या शब्दांचा कागद आत होता का? मायनर थ्रेटच्या पहिल्या रेकॉर्डचं कव्हर पुढच्या खेपांना वेगवेगळ्या रंगांत निघालं, तिथे तर रंगावरूनच खेप लावतात. आणि ऐंशीच्या सुरुवातीच्या घरगुती रेकॉर्डवर बारकोड दिसला तर प्रत नंतरची, हे समजून जा.

नकली प्रतीचं कव्हर बहुतेक वेळा दुसऱ्या कव्हरचा फोटो घेऊन छापलेलं असतं. बारीक अक्षरांची पोटं शाईने भरलेली, छायाचित्रातले ठिपके एकमेकांत मिसळलेले. भिंग लावलं की कळतं. मात्र छपाई गचाळ म्हणजे माल नकली, असं समीकरण या संगीताला लावता येत नाही. इथे अस्सल कव्हरंही झेरॉक्सवर निघाली आहेत. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका. तिसरा फोटो पाठवायला विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर तीही एक खूण धरा.

प्रश्न : बूटलेग, म्हणजे परवानगीशिवाय छापलेल्या, प्रती घ्याव्यात का? काही बँडची गाणी दुसरीकडे कुठे मिळतच नाहीत.

बँडने किंवा लेबलने अधिकृत प्रत काढली असेल तर तीच घ्या. बूटलेगचा पैसा गाणाऱ्यांकडे जात नाही. पण मी सोवळं नेसून बोलणार नाही. ‘किल्ड बाय डेथ’ नावाची बूटलेग संकलनांची मालिका 1989 पासून निघाली. गावोगावच्या विसरलेल्या पंक सात इंचींवरची गाणी त्यांत परवानगीशिवाय एकत्र केली होती, आणि त्यांतले कितीतरी बँड लोकांना ठाऊक झाले ते या चोरट्या संकलनांमुळेच. गंमत अशी की त्या मालिकेत गाणं आलं की मूळ सात इंचीच्या मागे लोक धावत सुटत. खिशाला परवडेल असं म्हणून काढलेली वस्तू दुसऱ्या वस्तूचा भाव वाढवून बसली.

तुमच्याकडे अशी प्रत असेल तर ऐका, खुशाल ऐका. विकताना मात्र ‘बूटलेग’ असं स्पष्ट लिहून विका.

प्रश्न : माझ्या आवडत्या बँडची नवी रेकॉर्ड पाच रंगांत येते आहे. एका रंगाच्या शंभरच प्रती. मी पाचही मागवाव्यात का? मित्र म्हणतो, ही तर हार्डकोरची परंपराच आहे.

मित्राचं अर्धं बरोबर आहे. 1987 मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला रेव्हलेशन हे लेबल सुरू झालं, आणि त्या पिढीत रंगीत व्हिनाइल (रेकॉर्डचं प्लास्टिक), मोजक्या प्रती, टपालाने मागवणाऱ्यांसाठी वेगळं काही, हे सगळं रुळलं. तेव्हा हा प्रकार आज उगवलेला नाही.

पण प्रती कमी असण्याची कारणं निरनिराळी असतात आणि मी रेकॉर्ड हातात घेताना आधी ते कारण शोधते. टच अँड गो हे अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं लेबल. त्याची पहिली रेकॉर्ड नेक्रोस या बँडची, प्रती शंभर. दुसरी द फिक्सची, प्रती दोनशे. मुळात पोरांनी काढलेलं झेरॉक्सचं मासिक होतं ते, त्याला लेबलचं शेपूट फुटलं. कोण विकत घेणार होतं? जज या न्यूयॉर्कच्या बँडचं उदाहरण तर याहून भारी. त्यांनी चंग किंग या स्टुडिओत अल्बम ध्वनिमुद्रित केला, तो त्यांना अजिबात पसंत पडला नाही आणि त्यांनी सगळा अल्बम दुसरीकडे पुन्हा केला. दरम्यान टपालाने आगाऊ पैसे भरलेले लोक ताटकळले होते. त्यांच्यासाठी नापसंत ध्वनिमुद्रणाच्या शंभराच्या आसपास प्रती पांढऱ्या व्हिनाइलवर काढल्या आणि नाव दिलं स्टुडिओला सरळ शिवी हासडणारं. आज संग्राहक ज्या प्रतीसाठी जीव टाकतात ती बँडने नाकारलेली आहे, आणि अल्बम म्हणून दुसरा, सहज मिळणारा जास्त चांगला आहे. हे ऐकून काहींना राग येईल. येऊ दे.

तुमच्या पाच रंगांमागे असं काही घडलेलं नाही. शंभर हा आकडा आधी ठरला, रेकॉर्ड नंतर. एक रंग घ्या, जो डोळ्यांना आवडेल तो. उरलेल्या पैशांत आणखी चार बँड ऐकून होतील.

प्रश्न : ‘व्हीजी’ दर्जाची रेकॉर्ड घ्यावी का? आणि जपायची कशी?

व्हीजी म्हणजे नावाला ‘व्हेरी गुड’, प्रत्यक्षात ओरखडे दिसणारी आणि शांत जागी खरखरणारी. त्याच्या वर व्हीजी प्लस, त्याच्या वर निअर मिंट. संथ पियानोची रेकॉर्ड मी व्हीजीत घेणार नाही. पण हार्डकोरमध्ये शांत जागा असते कुठे? इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या डिसचार्ज या बँडचा ‘हिअर नथिंग सी नथिंग से नथिंग’ हा 1982 चा अल्बम माझ्याकडे आहे. लेबलवर आधीच्या मालकाने बॉलपेनने आपलं नाव लिहिलंय, दुसऱ्या बाजूला केसासारखे ओरखडे आहेत. सुई टेकली की गिटारच्या भिंतीपलीकडून काही ऐकू येत नाही. सुई उडवणारा खोल ओरखडा आणि वाकलेली तबकडी मात्र नको, दर्जाचं नाव काहीही असो.

जपण्याबाबत सगळ्यात महत्त्वाचं : जाड, चकचकीत, पीव्हीसीची पारदर्शक बाह्य कव्हरं टाकून द्या. त्यांतून निघणारी रसायनं वर्षानुवर्षांत तबकडीवर धुरकट थर चढवतात, आणि तो धुऊन जाईलच असं नाही. पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या. बऱ्याच सात इंचींचं कव्हर म्हणजे नुसता घडी घातलेला कागद. त्यात तबकडी आत-बाहेर केली की घडी फाटते. तबकडी आतल्या वेगळ्या पाकिटात ठेवा, घडीचा कागद तिच्या मागे सपाट सरकवा आणि दोन्ही एका बाह्य कव्हरात. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका. तो पिवळा पडतो आणि काढायला गेलं की छपाईही घेऊन येतो. रेकॉर्ड उभ्या ठेवायच्या, उन्हापासून लांब, हे तुम्हाला माहीत असेलच.

प्रश्न : क्रास या इंग्लिश पंक बँडचे लोक आपल्या कव्हरवर ‘यापेक्षा जास्त पैसे देऊ नका’ असं छापायचे. त्याच रेकॉर्डसाठी आज भरमसाठ रक्कम मोजणं हा दुटप्पीपणा नाही का?

आहे. मी क्रासच्या रेकॉर्डवर छापील किमतीहून जास्त दिलेले आहेत, आणि तो छापील आकडा घरी माझ्याकडे बघत असतो.

पण त्या रेकॉर्ड कुठल्या तरी फळीवर टिकून राहिल्या म्हणूनच आपल्याला काही गोष्टी हाताला लागतात. त्यांच्या पहिल्या रेकॉर्डमधलं एक गाणं धर्माची निंदा करणारं म्हणून आयर्लंडमधल्या कारखान्यातल्या कामगारांनी दाबायला नकार दिला. बँडने त्या जागी मोकळी शांतता ठेवली आणि तिला ‘द साउंड ऑफ फ्री स्पीच’ असं नाव दिलं. पुढच्या आवृत्तीत गाणं परत आलं. ती शांतता सुई फिरताना ऐकावी अशीच आहे. (व्हीजी प्रतीत ती खरखरते, हे ओघाने आलंच.)

संग्रह कसा असावा याचा माझ्या मते उत्तम नमुना ‘मॅक्सिमम रॉकनरोल’चा. आधी रेडिओ कार्यक्रम, मग 1982 ते 2019 छापील मासिक. परीक्षणासाठी जगभरातून आलेल्या रेकॉर्ड त्यांनी जपल्या आणि कव्हरांच्या कडेला हिरवी टेप चिकटवली. बाजारात अशा कव्हराची किंमत पडते. ते विकण्यासाठी ठेवलेलं नव्हतंच, वाजवण्यासाठी होतं. टेप चिकटवा असं मी सांगत नाही, पण वाजवा. मित्रांना ऐकवा.

प्रश्न : फिनलंडची एक जुनी सात इंची मिळाली. लेबलवर वेग लिहिलेला नाही. 45 वर (मिनिटाला 45 फेऱ्या) भलतीच पळते. 33 वर लावायची का?

सात इंची म्हणजे 45 असा नियम इथे चालत नाही. एका बाजूला चार-पाच गाणी कोंबायची तर बरेच जण 33 घेत. दोन्हींवर लावून बघा आणि ढोलाकडे लक्ष देऊ नका, गाणाऱ्याच्या आवाजाकडे द्या. 45 वर आवाज चिमण्या भांडल्यासारखा आला तर वेग 33. 33 वर माणसाचा आवाज येतोय आणि तरी सगळं भलतंच पळतंय, तर काही बिघडलेलं नाही. ते तसंच आहे.