बाबा काही सांगतच नाहीत, मग बरे कसे होणार?

युद्धातून जीव वाचवून परक्या देशात आलेलं कुटुंब समुपदेशनाला आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बायकोची काळजी एकच: "हे तोंडच उघडत नाहीत. मन मोकळं केल्याशिवाय बरं वाटेल का?" हे ती सांगत होती तेरा वर्षांच्या लेकीच्या तोंडून, कारण घरात नवी भाषा तेवढी तिलाच येत होती. नवऱ्यानं छळ सोसलेला; तक्रार मात्र डोकेदुखीची, धडधडीची. झोप जेमतेम तीन तास.

छळाची हकिकत लेकीच्या तोंडून कोणता बाप वदवेल? म्हणून आधी दुभाषी बदलला. नुसती भाषा येऊन भागत नाही. दुभाषी विरोधी गटातला निघाला तर माणूस आणखी मिटतो. ओळखीतला असला तर गोष्ट वस्तीभर होईल ही धास्ती. इथे दूरच्या शहरातला दुभाषी फोनवर घेतला, नवऱ्याचं नाव न सांगता. त्यालाही आधी दहा मिनिटं समजावलं: माणूस 'मी' म्हणाला तर 'मी'च म्हणायचं, काही गाळायचं नाही, मधेच धीर द्यायचा नाही.

त्यानंतरही घटनेबद्दल विचारलं नाही. भयंकर प्रसंगानंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013च्या सूचना सांगतात. इथे प्रसंग जुना होता, पण घाईचा धोका तोच. सुरुवात झोपेपासून केली. दचकून जाग आली की दिवा लावायचा, पाय जमिनीवर टेकवायचे, आजची तारीख आणि या शहराचं नाव मोठ्यानं म्हणायचं. तो झोपेत दचकत असला, तर बायकोनं हलवून उठवायचं नाही. लांबूनच नावानं हाक मारायची.

आश्रयाच्या सुनावणीचं पत्र आलं आणि झोप पुन्हा उडाली. अशा वेळी उपचार फसला असं घरच्यांना वाटतं. खरं तर मुक्कामाचीच शाश्वती नसेल तर शरीर सावध राहणारच. त्या आठवड्यात समुपदेशनापेक्षा वकिलाची भेट जास्त कामी आली.

नंतर त्यानंच विषय काढला. मग जमिनीवर दोरी अंथरली, जन्मापासून आजपर्यंतची; चांगल्या आठवणींना फुलं, वाईटांना दगड. नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी ती हीच: आयुष्याची गोष्ट क्रमानं सांगत वाईट आठवणींना सामोरं जायचं. साधारण नव्वद मिनिटांच्या एका बैठकीत शक्यतो एकच दगड, आणि भीती ओसरल्याशिवाय बैठक संपवायची नाही. बायकोला दोरीवरचं काही सांगायचं की नाही, हे त्यानं ठरवायचं. तिनं विचारायचं नाही. मात्र मरणाची भाषा सुरू झाली, तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं.